वाणात आलेली हळदीची बाटली

मंगळवार, संध्याकाळ. द्वारका.

आईच्या हातावर पुन्हा निळा डाग. कुठे आपटलं, तिलाच आठवत नाही. गुडघ्यासाठी ती पेनकिलर घेते, ते मला ठाऊक होतं. पण आज मीठ शोधताना मसाल्यांच्या फळीवर हळदीच्या कॅप्सूलची बाटली सापडली, निम्मी संपलेली. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला मिळालेली.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी औषधं विचारली होती. वाणाला कोणी औषध म्हणतं का?"

खाली केमिस्टकडे गेले, आईची पेनकिलर आणि ही बाटली दोन्ही दाखवली. तो म्हणाला, "दोनों से खून पतला हो सकता है, मैडम. साथ में मत दीजिए, डॉक्टर से पूछिए." म्हणजे तो निळा डाग यामुळेच? की नुसतं वय? भाजीतली हळद तर आपण रोज खातो. मग कॅप्सूलमध्ये असते तरी किती? उद्या आईला आणि बाटलीला, दोघींना डॉक्टरांकडे न्यायचं.

आईवर चिडले खरी. पण मागच्या महिन्यात दाढ काढताना मलाही विचारलं होतं, काही घेता का? मी म्हटलं, बिलकूल नाही. रक्त थांबता थांबेना, तेव्हा दोष दाढेला दिला.

लसणाच्या कॅप्सूल माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत. बिस्किटांशेजारी.