टाकीनं ऐकायचं काय?

७ एप्रिल
मी हॉस्टेलला निघाले तेव्हा यमुआत्या म्हणाली होती, "हिले ब्याग भरू द्या, अर्धं सामान घरीच राहीन." ती तारीफ होती. टॉवेल आणि मार्कशीट मागाहून बाबांनी पोचवली, तो भाग वेगळा. आता त्या गुणाचं चीज होणार. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यातल्या टाक्यांवर आमची छोटी यंत्रं बसणार आहेत. टाकीत पाणी किती, ते त्यांनी रेडिओवरून कंट्रोल रूमला कळवायचं. चिपची मेमरी इवलीशी, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा नेटवर्किंगचा कोड तिच्यात मावत नाही. तो मी छाटायचा. जमलं नाही तर काम पुण्याच्या टीमकडे, आणि मीही पुण्याला. नंदनवनातलं घर सोडून मी कुठेही जाणार नाही. रोज थोडंच छाटायचं. घाई नाही.

९ एप्रिल
घाई केली. एरर मेसेज सगळे काढले. चुका होणारच नाहीत तर मेसेज कशाला? हलकं वाटतंय.

११ एप्रिल
तरी मावेना. यंत्राचा ऐकण्याचा कोडच काढून टाकला. टाकीनं पाणी किती ते सांगायचं, ऐकायचं काय? माया याच कामावर आहे, शेजारच्या टेबलावर बसते, कोराडीहून बसनं येते, माझ्याइतकीच सीनियर. म्हणाली, "काहून वं उत्तरा? उद्या त्याले काही सांगाचं असलं तं?" मी म्हटलं, तशी वेळच येणार नाही. "तुह्या घरी बी असंच चालते का?" विषयांतर करायची सवय आहे तिला.
घरी आमचे यजमान गिरिधर कूलरच्या पंपाचं काहीतरी सांगत होते. मी मान हलवली. म्हणजे ऐकल्यासारखंच.

१५ एप्रिल
मावलं. एक यंत्र बादलीवर लावून तपासलं. ओतलेला प्रत्येक मग स्क्रीनवर दिसला. माया म्हणाली, सगळी यंत्रं एकदम सुरू करून पाहा. कशाला? एक चाललं की सगळी चालतात, सगळी सारखीच आहेत. साहेबांना कळवलं की काम आता इतकं लहान झालंय, एक माणूस पुरे. मायाला दुसरीकडे द्या. तिच्याच भल्यासाठी.

२२ एप्रिल
टाक्यांवर यंत्रं बसली. फिटर भरउन्हात वर चढले, मी खालून सूचना दिल्या. उंचीवर मला चक्कर येते, पण ते कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

२३ एप्रिल
कंट्रोल रूममध्ये एकही आकडा नाही. कारखान्याच्या जितेंद्रचा फोन. "म्याडम, रंगाईची टाकी सुकली ना, मशिनी बंद आहे. तुमचे यंत्रं तर काहीच बोलून नाही राहिले." साफ खोटं. सगळी बोलताहेत, एकाच वेळी, म्हणून एकाचंही कळत नाही. दुसरा बोलत असेल तर थांबायचं, हे कळायला आधी ऐकावं लागतं. म्हणजे यंत्रं चांगलीच आहेत, फक्त उत्साह जास्त.

२४ एप्रिल
ऐकण्याचा कोड परत घातला. शोभेचं थोडं काढलं आणि चक्क मावला. म्हणजे आधीही मावला असता. पण त्यावर विचार करायला वेळ नाही. नवा कोड सगळ्या यंत्रांना रेडिओवरून पाठवून दिला आणि समाधानानं चहा घेतला. चहा संपताना आठवलं, ती ऐकत नाहीत.

२५ एप्रिल
प्रत्येक टाकीवर लॅपटॉप घेऊन चढायचं आणि केबलनं कोड भरायचा, दुसरा उपाय नाही. फिटर दुसऱ्या साइटवर गेलेत. साहेब शांतपणे म्हणाले, सोमवारी आकडे दिसले नाहीत तर पुणे. चढेन मी. भीती ही सवयीची गोष्ट आहे.

२६ एप्रिल, शनिवार
चढले. अर्ध्यात खाली पाहिलं आणि शिडीला मिठी मारली. जितेंद्र मागून चढून आला, एकेक पाय धरून मला उतरवलं. "म्याडम, तुमच्यातलं दुसरं कोणी नाही का?" होतं. मीच कमी केलं.
मायाला मेसेज लिहिलाय. ती नाहीच म्हणेल. तिच्या जागी मी असते तर वाचलाही नसता. तरी पाठवते: माया, तुला टीममधून मीच काढायला लावलं. उद्या रविवार आहे, ऊनही आहे. बुटीबोरीला येशील का वं? तू वर चढ, मी शिडी धरते. तू वरून जे सांगशील ते ऐकते.