जांभळी खूण

४ मार्च, मंगळवार

पुसली! माझ्याच हातानं!

बारा नंबरच्या खाटेवरच्या मावशी. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन. सकाळी डॉक्टरांनी पाठीवर जांभळ्या पेनानं बाण काढला — या बाजूला कापायचं म्हणून. नंतर पाठ धुवायचं काम वॉर्डबॉयचं, म्हणजे माझं. मावशींना नीट बसवेना, म्हणून मी समोर उभा राहिलो. त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, मी त्यांच्या खांद्यावरून बघत हात मागे घालून घासलं. घाई! मला सगळ्यातच घाई. बघतो तर फडकं जांभळं.

डॉक्टरांना बोलवायला हवं होतं. पण एक ताकीद आधीच मिळालीय. दुसरी मिळाली की सरळ घरी. पेन टेबलावरच पडलेलं. मावशींना पाठमोरं बसवलं आणि बाण परत काढला. माझ्या उजव्या हाताला होता, उजव्या हाताला काढला. सेम टू सेम.

मावशी एकदम ताठ झाल्या. म्हटलं, "गार लागलं का?"

"नाही रे लेकरा. चालू दे."

आत्ताच मावशींची ट्रॉली ऑपरेशन थेटरात गेली.

५ मार्च

मावशी वॉर्डात परत. कोणी काही बोललं नाही. सुटलो बुवा!

६ मार्च, गुरुवार

सात नंबरच्या आजोबांना उठवत होतो. समोरासमोर. म्हटलं, डावा हात द्या. त्यांनी दिला — तो माझ्या उजवीकडे!

समोरून बघितलेला बाण मी मागून काढला. बाजू उलटी!

बाराकडे पळालो. पट्टी उजवीकडे. दुखत होता डावा पाय, मणक्यात दबलेली नस डावीकडची.

"अजून तसाच जळतोय बघ," मावशी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात सूज आहे, पंधरा दिवस थांबा."

७ मार्च

आईचा फोन. "आवाज का असा?" सर्दी म्हटलं. "एका जागी टिक रे आता, पायाला भिंगरी लावून फिरू नकोस." हो म्हटलं.

सिस्टरना सहज विचारल्यासारखं विचारलं — थेटरात बाजू तपासत नाहीत? "तपासतात की! सगळे थांबतात. नाव, कागद, फोटो, खूण." मग चूक कशी होते? "खूण समोर दिसली की कागद कोण उलगडतो? तुला कशाला रे चौकशा? डॉक्टर व्हायचंय?"

हसलो. हसलो मी!

८ मार्च

मावशींच्या डाव्या पायाचा अंगठा वर होईना. शिलाई मशीन चालवतात त्या. "राहू दे, हातानं चाक फिरवीन," म्हणाल्या.

सिस्टरांच्या टेबलापर्यंत तीनदा गेलो. तीनदा नुसतं पाणी पिऊन परत. सगळे सूज उतरायची वाट बघतायत. थांबता थांबता नसच गेली तर? सूज नाही, हे फक्त मला माहीत!

९ मार्च

आधी मावशींना सांगायला गेलो. तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या — "पेन उजवीकडे लागलं तेव्हाच कळलं होतं मला. तुझी धांदल कळत होती. म्हटलं, बोलले तर पोराची नोकरी जाईल. आणि डॉक्टरांना माहीत असणारच की! आता तूही गप्प बस."

उठलो. सरळ सिस्टरांच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं.

सिस्टरांनी कोरा कागद पुढे सरकवला. वरचं सगळं त्यावर लिहून आलोय. नावासकट.