अंजनाची टेकडी

बोरमळी, ता. चोपडा
१८ एप्रिल १९६८

तीर्थरूप आबा,
पायांवर डोकं ठेवतो.

मी खुशाल आहे. ताप उतरला, भाकरी गोड लागते. आईचा खोकला थांबला का?

गावची अंजनाची टेकडी, झाडं तोडून कोळसा पाडायला, ठेकेदाराला द्यायचं ठरत होतं. हायस्कुलात चित्रकला शिकवणाऱ्या मंदाबाई महिनाभर उन्हात बसून तिचं चित्र काढत होत्या. अंजनाची तांबूस पालवी त्यांनी अशी रंगवलीय, की बघत राहावं! ग्रामसभेच्या दिवशी मी, गावचा ग्रामसेवक, ते चित्र चावडीत टांगलं.

टेकडीवर गुरं चारून म्हातारे झालेले जीवरामनाना चित्रापुढून हलेनात. म्हणाले, "बठ्ठा जनम मना तठे ढोरं चारामा गया. पन हाई टेकडी इतली देखनी शे, हाई मी कधी देखंच नही." टेकडी राखायला पहिला हात त्यांनीच वर केला. मग सगळ्यांचे हात वर गेले. मंदाबाई कोपऱ्यात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

ठेकेदारानं माझी तक्रार केलीय म्हणतात. काळजी नको, बदली झालीच तर तुमच्याजवळ, दोंडाईचा मागेन.

एक तुम्हालाच सांगतो, आबा. विक्रीसाठी ती झाडं मीच मोजली होती. तेव्हा एकही पाहिलं नव्हतं.

तुमचा,
भटू