डाग काढलेल्या कोटाबाबत

प्रति,
मा. प्रबंधक,
फौजदारी अपील विभाग,
राज्य अपील न्यायालय.

विषय : निकालपत्रातील माझ्याविषयीचे एक वाक्य वगळण्याबाबत, ते जमत नसल्यास मयताच्या पत्नीस, म्हणजे आमच्या काकूंना, एक ओळ लिहून देण्याबाबत.

संदर्भ : आमच्या लाँड्रीतील इस्त्रीवाल्या काकांच्या खुनाचे अपील, माझा थोरला भाऊ सुटल्याचा गेल्या महिन्यातील निकाल.

महोदय,

१. मी सदर खटल्यातील एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार आहे. दादाने काकांच्या डोक्यात जड इस्त्री घातली, ते मी काउंटरच्या आतून पाहिले. त्या दिवशी सकाळी काकांनी एका गिऱ्हाइकासमोर दादाची चूक दाखवली होती, एवढेच कारण.

२. दुसऱ्या दिवशी पोलीस दादाचा रक्ताचे डाग पडलेला कोट न्यायला आले. तो मी त्यांना धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून दिला. आमच्या दुकानातून मळका कपडा काउंटरपलीकडे जात नाही, हे वडिलांनी लहानपणापासून अंगवळणी पाडलेले. डोळ्यांना धार लागली होती आणि हात आपले काम करत होते. तपासी अधिकाऱ्यांनीही पिशवी घेतली आणि सवयीने पावती मागितली.

३. खालच्या न्यायालयाने मला दिवसभर उलटसुलट विचारले व माझ्यावर विश्वास ठेवला. सरकारी वकील म्हणाले होते, "ताई, तुम्ही फक्त खरं सांगा, बाकीचं आमच्यावर सोडा." मी सोडले. आपल्या न्यायालयात मी मागच्या बाकावर बसून होते. अपिलात साक्षीदाराला विचारत नाहीत, कागद वाचतात, असे शिपायाने सांगितले. निकालात मात्र लिहिले आहे, की खून पाहिलेली कोणतीही शहाणी व्यक्ती रक्ताचा कोट धुऊन देणार नाही, सबब ही साक्षीदार विश्वासार्ह नाही. महोदय, शहाणपणाचा दावा मी कधीच केलेला नाही. मी लाँड्रीवाली आहे.

४. संशयाचा फायदा दादाला मिळाला. संशय तेवढा माझ्या वाट्याला आला. आई म्हणते, भावाला अडकवायला मी खोटे बोलले. काकू म्हणतात, भावाला वाचवायला मी मुद्दाम कोट धुतला. ज्यांनी मला स्टुलावर उभी करून कॉलरला इस्त्री करायला शिकवले, त्यांच्या बायकोच्या दाराशी मी जाते आणि आतून कडी लागल्याचा आवाज येतो. हे मला सहन होत नाही.

५. तरी ते वाक्य वगळावे. नियमात बसत नसल्यास एखाद्या न्यायमूर्तींनी आपला मळका झगा आमच्याकडे टाकून लगेच परत मागावा. हुकूम काढला तरी झगा डागासकट माझ्या हातून सुटणार नाही, हे समक्ष पाहावे. तेही शक्य नसल्यास काकूंना एवढेच कळवावे, की ती खरे बोलली होती. सही नको, शिक्का पुरे.

६. जप्त माल मालकास परत द्यावा, या आपल्या हुकुमाप्रमाणे दादाला कोट मिळाला. मालखान्यात त्याला बुरशी धरली आहे. काल त्याने तो काउंटरवर टाकला. "धुऊन ठेव," म्हणाला. "तुझ्याच हातांनी वाचलो." आई शेजारीच घड्या घालत होती. तिने ऐकले. मान वर केली नाही, घड्या घालत राहिली.

कोट मी धुतलेला नाही. या अर्जासोबत पाठवत आहे. पावती नको.

आपल्या निकालानुसार अविश्वासार्ह,
तरीही आपली नम्र,

(सही)
लाँड्रीवाली

दिनांक : निकालानंतरचा चौथा सोमवार

सोबत :
१. निकालाची प्रत, ते वाक्य अधोरेखित करून.
२. कोट. आमच्या दुकानातून मळका बाहेर पडलेला पहिलाच कपडा.