खजुराची बी आणि कॉलेजची पट्टी

अब्बा, तुम्ही सूक वाकिफच्या बाजारात घेऊन दिलेली कहव्याची पितळी किटली अजून माझ्याकडे आहे. दोहातल्या अल थुमामाच्या या फ्लॅटमध्ये ती फ्रिजवर असते. तिच्यातून आजवर कोणी कहवा प्यायलेला नाही, आणि आता पिणारही नाही, कारण गेल्या हिवाळ्यात आपल्या गावच्या इथल्या मंडळाने तिची मतपेटी केली. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. म्हणूनच आधी तुम्हाला सांगायला बसले आहे.

गावच्या कॉलेजची पट्टी अजून चालू आहे. दोहात कमावणाऱ्या गावच्या प्रत्येक माणसाने वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची, इथे कोणी कोणाकडून पैसे गोळा करायचे नाहीत, ज्याने त्याने आपल्या बँकेतून थेट गावी पाठवायचे आणि कमिटीने फक्त आकडा सांगायचा, हा तुमचा दंडक जसाच्या तसा आहे. कमिटीत पाच वडीलधारे. एकाने जागा सोडली की उरलेले चार पाचवा नेमणार. जुम्म्याच्या नमाजनंतर कोणाच्या तरी घरी जेवण, जेवणानंतर आकडा, मग "कबूल?" आणि दिवाणखान्यातल्या पुरुषांचं एका सुरात "कबूल". मी नववीत होते तेव्हा असाच एक शुक्रवार होता. आपण तेव्हा दोन वर्षं सगळेच इथे राहत होतो. मी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि तुम्ही आकडा सांगत होतात. मी सरळ विचारलं, "अब्बा, पण तुम्हाला पाच जणांना निवडलं कोणी?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आत जा." ते दोन शब्द माझ्या कानशिलात बसले.

घरी आल्यावर तुम्ही हमूर साफ करायला घेतला. मासा तुम्हीच करायचात, अम्मीच्या हातचा तुम्हाला पटायचा नाही. मी दाराला टेकून फुगून उभी. खवले काढता काढता तुम्ही म्हणालात, "काय गो, राग अजून हाय? ऐक. निवडून आलेल्या मानसाला पुढच्या वर्षी परत निवडून यायचं असतं. तो पट्टी वाढवील? नाय. तो म्हनेल, यंदा राहू दे. कॉलेजला 'यंदा राहू दे' परवडत नाय. मला कोनी निवडलेलं नाय, म्हनून मला कोनाची भीती नाय." मी म्हटलं, पण ज्यांना द्यायची त्यांना विचारायला नको? तुम्ही सुरी थांबवलीत आणि कोकमं भिजत घातलीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन सूकमध्ये गेलात. मसाल्याच्या दुकानाशेजारी मी ती चोचवाली किटली बघत राहिले होते. तुम्ही भाव न करता घेतलीत. अम्मी घरी वैतागली, "कहवा कोन पितं आपल्यात?" तुम्ही म्हणालात, "पोरगी बघत होती." एवढंच. माफी मागायची तुमची पद्धत ही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आणि खरं सांगायचं तर तुमचं म्हणणं खरं होतं, याचा पुरावा मीच आहे. तुम्ही ज्या वर्षी पट्टी दुप्पट केलीत, त्या वर्षी ईदला अर्ध्या लोकांनी तुमची गळाभेट घेतली नाही. समोरून येणारा माणूस रस्ता बदलायचा. तुम्ही मात्र आकडा हलवला नाहीत. त्या पैशांतून बी.ए.चा वर्ग सुरू झाला, आणि रत्नागिरीला मुली पाठवायला जी घरं तयार नव्हती त्या घरांतल्या आम्ही अकरा जणी त्या वर्गात बसलो. तिथून मी बी.एड. केलं, मग इथल्या शाळेत लागले. कोणी तुम्हाला निवडलं असतं तर मी आज पत्र लिहायच्या लायकीची तरी असते का, कोण जाणे.

पण अब्बा, तुमचा काळ वेगळा होता. तेव्हा सगळे मिळून वीस-पंचवीस, एकाच कंपनीच्या दोन खोल्यांतले. नाही म्हणायला लाज वाटायची. आता आम्ही एकसष्ट जण आहोत. इंजिनिअर, ड्रायव्हर, अकाउंटंट आहेत, आणि आम्ही चौदा बायकाही आहोत. आता नाही म्हणायला लाज वाटत नाही, व्हॉट्सअॅपचा ग्रुप सोडला की झालं. दोन वर्षांपूर्वी कमिटीने सायन्सच्या प्रयोगशाळेसाठी पट्टी वाढवली. 'कबूल' जोरात म्हटलं गेलं आणि निम्म्यांनी पाठवलीच नाही. भिंती उभ्या राहिल्या, टेबलं आली नाहीत. विद्यापीठाने कळवलं की पुढच्या जूनपर्यंत प्रयोगशाळा झाली नाही तर बी.एस्सी.ची परवानगी मिळणार नाही. आपल्या गावची एक मुलगी इथे इस्पितळात नर्स आहे. तिला मी विचारलं, का गं पाठवली नाहीस? ती म्हणाली, "पट्टी मागताना मी कमावणारी असतंय. ठरवताना मी बाई असतंय, आतमध्ये कांदा कापतंय. मग मी कशाला पाठवू?" मग मीच उठले आणि म्हणायला लागले की कमिटी निवडून यायला हवी आणि देणाऱ्या प्रत्येकाला मत हवं. तुमचे जोडीदार चाचा, जे तुमच्यानंतर कमिटीचे मुख्य झाले, ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मला ते नवीन नव्हतं. असं गप्प बसणं मी तुमच्याकडे पुष्कळ बघितलं होतं.

शेवटी ठरलं की आधी यावरच मत घ्यायचं, कमिटी नेमायची की निवडायची. अल रय्यानला एका घरी सगळे जमलो. चिठ्ठ्या नकोत असं सगळ्यांचंच मत पडलं, कारण आपल्या गावात सगळे एकाच मास्तरांकडे शिकलेले आणि एकमेकांचं अक्षर ओळखतात. मग कोणीतरी खजुराच्या बिया सुचवल्या. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन भांडी ठेवली. निवडणूक हवी असेल तर बी माझ्या किटलीत टाकायची, जुनं तसंच राहावं असं वाटत असेल तर स्टीलच्या थर्मासमध्ये. एकेकाने आत जायचं, एक खजूर खायचा, बी टाकून बाहेर यायचं. अब्बा, ते दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. आयुष्यात कधी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडलेली माणसं तिथे रांगेत उभी होती, आणि बायका दिवाणखान्यात गालिच्यावर पाय पसरून गप्पा मारत होत्या.

बिया ओतल्या. किटलीत बत्तीस, थर्मासमध्ये तीस. टाळ्या पडल्या आणि लगेच कोणाच्या तरी लक्षात आलं की माणसं एकसष्ट आणि बिया बासष्ट. मग जो गोंधळ उडाला! कोणी म्हणालं लबाडी झाली, कोणी म्हणालं बायकांनी केली, नर्स उठून भांडायलाच गेली. आता सगळं बारगळतं की काय असं वाटलं. जून चार महिन्यांवर आला होता. तेवढ्यात चाचा कोपऱ्यातून खाकरले. "जादाची बी माजी हाय," ते म्हणाले. "पहिली थर्मासात टाकली. खजूर गोड होता, म्हनून अजून एक खाल्ला. बी कुठं टाकायची? ओटा खराब नको म्हनून जवळच्या किटलीत टाकली." आधी कोणालाच हसावं की काय ते कळेना, मग चाचाच हसले. एक जण म्हणाला, एका मताचाच फरक राहतो, परत घ्या. चाचांनी हात वर केला. "खलास. एकतीस तर एकतीस. पोरगीचं खरं झालं."

पुढच्या शुक्रवारी बियांनीच निवडणूक झाली. सर्वात जास्त मतं चाचांना पडली, तुम्ही हसत असाल. माझा नंबर चौथा, नर्सचा पाचवा. पहिल्याच बैठकीत टेबलांसाठी आकडा वाढवायचा होता आणि तो सगळ्यांसमोर सांगायचं काम माझ्याकडे आलं. उभी राहिले. माझीच माणसं समोर बसली होती, ज्यांनी मला बिया दिल्या ती. आणि अब्बा, शपथेवर सांगते, माझ्या ओठांवर आलं होतं, 'यंदा राहू दे'. अगदी तुम्ही म्हणाला होतात तसंच. चाचा माझ्याकडे बघत होते. मी आकडा सांगितला. मग नर्स म्हणाली, "कबूल," आणि एकेक करत सगळे म्हणाले. या वेळी पैसे पोचलेही. जूनमध्ये परवानगी आली. गेल्या आठवड्यात गावाहून फोटो आला आहे, नव्या टेबलांपाशी पांढरे कोट घातलेल्या मुली उभ्या आहेत, एकीचा कोट तिच्या घोट्यापर्यंत येतो. मी तो फोटो दिवसातून दहा वेळा बघते. मी सुखात आहे अब्बा, असं म्हणायला आता घाबरत नाही.

एक गोष्ट मात्र इथे कोणाला सांगितलेली नाही, चाचांना तर मुळीच नाही. माझी पाळी आली तेव्हा मी ओट्यापाशी एकटी उभी होते, तोंडात खजूर आणि समोर तुमची किटली. तीस वर्षं तुम्ही पट्टी दिलीत, लोकांचा रुसवा सोसलात, आणि त्या दिवशी त्या घरात तुमचं मत तेवढं नव्हतं. मी माझी बी थर्मासमध्ये टाकली. आणखी एकाने असं केलं असतं तर सगळंच बुडालं असतं, हे नंतर कळलं. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, किटलीतच ठेवून देईन. तुम्ही समोर बसलेले असतात तर ती बी मी खुशाल किटलीत टाकली असती, आणि रात्रीच्या हमूरपर्यंत तुमच्याशी भांडले असते.