पाहुणे जेवले का?

३ जुलै
जबलपुरातला तिसरा दिवस, आणि घर एकदम फर्स्टक्लास! विजय नगरात वरच्या मजल्यावर आम्ही मायलेकी, खाली घरमालकीण वसुधाकाकू. काकू तीन पिढ्यांपासूनच्या इथल्या मराठी. बोलणं नागपूरकडचं, मध्येच हिंदी. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला गेले की पाच वर्षांच्या चिनूला त्याच सांभाळणार. दर जेवणानंतर कौतुकाने विचारतात, पाहुणे जेवले का? आपण बुवा नशीबवान.

९ जुलै
आज वर्गात गोलकृमी, म्हणजे आपले जंत. बरणीतली मादी वीतभर लांब, नर लहान, शेपूट आकड्यासारखी वळलेली. तोंडाला तीन ओठ, पण आतड्याला धरून राहायला काही नाही. बिचारा जन्मभर प्रवाहाविरुद्ध पोहत राहतो. मुलींनी नाकं मुरडली. घरी आले तर काकू चिनूच्या वरणावर कुंडीतली कोथिंबीर मातीसकट चुरडत होत्या. धुतली की चव जाते म्हणे. मलाही तेच वाढलं. दोघी जेवलो. भाड्याच्या घरात उगाच कशाला वाकड्यात शिरा?

१५ जुलै
काकूंनी विचारलं, चिनूला खोकला लागला काय? नाही म्हटलं. लागेल, म्हणाल्या. मला ते खटकलं.

१७ जुलै
लागला.
मातीतली जंतांची अंडी पोटात गेली की अळ्या आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात जातात. खोकल्याबरोबर घशात येतात, आणि गिळल्या की परत आतड्यात जाऊन मोठ्या होतात. हे मीच फळ्यावर काढलं होतं. पण काकूंना आधी कसं कळलं?

१९ जुलै
आज लवकर परतले. चिनू मोरीत थुंकायला वाकली होती. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.
"काहून थुंकून राहिली, बेटा? गिळून टाक. पाहुण्यांना घरी जाऊ दे."
चिनूने गिळलं.
म्हणजे पाहुणे आम्ही नव्हतोच. विचारताना काकू नेहमी तिच्या पोटाकडे बघायच्या. आणि मी मूर्ख, खूश व्हायचे.

२० जुलै
चिनू माझ्याजवळ येत नाही. जंतांची गोळी दिली तर दात घट्ट आवळले. थुंक म्हटलं की माझ्याकडे रोखून बघते आणि गिळते. फार भीती वाटतेय. माझ्याच लेकीची.

२१ जुलै
निघतोय. ऑटो पाच मिनिटांत येईल. तेवढ्यात डॉक्टरांसाठी तारखा — कोथिंबीर ९, खोकला १७ — पण ताटात तर माझ्याही —
ढास लागली. थांबत नाही. घशात काहीतरी बारीक — वर सरकतंय —
थुंकायलाच हवं. चिनू मांडीवर चढलीय. आपणहून, दोन दिवसांनी. माझ्या तोंडावर तळहात दाबून धरलाय. इवलासा हात, पण निघत —