भिंतीचा कापलेला कोपरा

आबा, आपल्या भिंतीचा कापलेला कोपरा मी सरळ करून घेतला. याला दोन वर्षं झाली, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आधी कॉलनीचं सांगतो. मंगळवार पेठेतली भाड्याची खोली सोडून तुम्ही उचगावच्या बाजूला प्लॉट घेतलात, तेव्हा सगळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं होतं. उसाच्या फडात पहिलं घर आपलं. आता इथे ऊस बघायचा तर रसाच्या गाड्यावर. आधी नोकरदारांची बैठी घरं आली, दारात तुळस आणि गेटवर आईचं नाव. मग एकेकाने मजला चढवून भाडेकरू ठेवले. त्यांच्या मुलांनी ती घरं पाडून अपार्टमेंट उभी केली, खाली पार्किंग आणि वर काळ्या टाक्या. रस्त्याला पेव्हिंग ब्लॉक बसले, चौकात कॅमेरा लागला. कॉलनीच्या नावात अजून शिक्षक आहेत, राहणाऱ्यांत एकही उरला नाही.

ज्यांच्या रानात हे सगळं उभं राहिलं, त्या तात्यांनी मागे गोठा तेवढा ठेवला होता. रोज सकाळी त्यांच्या चार म्हशी आपल्या भिंतीलगतच्या अरुंद बोळातून चौकात जायच्या. तिथे गिऱ्हाइकांसमोर धार काढायची आणि लोकांनी फेसाळ दूध उभ्याउभ्याच प्यायचं. आपली भिंत बांधताना तात्या येऊन उभे राहिले. "मास्तर, हितनं म्हशी वळायच्या न्हाईत." तुम्ही गवंड्याला कोपरा तिरका कापायला सांगितलंत. तो हातातला गुण्या आपटून म्हणाला, "लोक मला नावं ठेवतील की! काटकोन येत न्हाई म्हणतील." तुम्ही ऐकलं नाहीत. पुढे दारातल्या शेणावरून मी कुरकुर केली, तेव्हा माझ्यावरच उखडलात. "त्यांच्या रानात आपण ऱ्हायला आलोय. वाट आपण द्यायची." मला भयंकर राग आला होता. मित्रांची घरं कशी नीट चौकोनी, आणि आपलंच कुणी चावा घेतल्यासारखं.

तुम्ही गेल्यावर मी गाडी घेतली, तेव्हा ती लावायला मला तो कोपरा हवासा झाला. कागदावर तो आपलाच होता. गोठ्याची पलीकडची वाट अपार्टमेंटच्या भिंतीने आधीच बंद झाली होती, हेही मला ठाऊक होतं. दोन दिवसांत काम उरकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर उभा आहे, खालून म्हशी येतायत. पहिलीच म्हैस वळणावर अडकते, मागच्या तिला धडकतात. तात्यांनी तिला हळूहळू मागे घेतलं, नव्या भिंतीवरून हात फिरवला आणि वर बघून म्हणाले, "चांगली झालीया की भित." एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं. महिन्याभरात चारही म्हशी पेठ वडगावच्या बाजारात गेल्या.

काल सकाळी चौकातल्या दुकानात दुधाची पिशवी आणायला गेलो, तर माझ्यापुढे तात्या. त्यांनाही पिशवीच हवी होती. दुकानदार नवीन आहे, त्याने सहज विचारलं, "तात्या, तुमच्या म्हशी हुत्या म्हणं. इकल्या व्हय?" तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "वय झालं की आता. हुईना झालं." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, आणि मीही मान डोलावली. आबा, इतकी लाज मला भिंत बांधताना वाटली नव्हती.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. तसं ते तुम्हाला लिहायचंही नव्हतं. तात्यांचं घर आपल्यापासून तीन घरं सोडून आहे. तिथवर जाववलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.